मग आणि म्हणून

पहाटे ५:४५

नोव्हेंबरात न्यू जर्सीला या वेळी रात्रच असते. तिकडे सांगलीत दुपारचे सव्वाचार वाजलेले असतात आणि आईचा चहा गॅसवर असतो. इकडे माझाही असतो. म्हणून आमच्या फोनची हीच वेळ.

"आज काय शिकवणार आहेस?"

"बोस्टनचा चहा. समुद्रात बुडवला तो."

"आसामचा होता का गं?"

"नाही आई, चिनी. आसामचा चहा लंडनच्या बाजारात पोचला १८३९ साली. हे त्याच्या ६६ वर्षं आधीचं."

आई जरा हिरमुसली. आपल्याकडचा चहा बुडाला असता तर या गोष्टीत तिलाही एक पाट मिळाला असता. पण लगेच सावरून तिने विचारलं, "मग?"

हा 'मग' माझ्या ओळखीचा आहे. लहानपणी मी गोष्ट ऐकताना तिला हेच विचारायचे. मग काय झालं? मग? मराठीतला हा शब्द लबाड आहे. तो 'त्यानंतर' असतो आणि 'त्यामुळे'ही असतो. 'पाऊस आला, मग आम्ही आत आलो.' यात पावसामुळे आत आलो की पावसानंतर, हे 'मग' सांगत नाही आणि ऐकणारा विचारत नाही. आठवीच्या मुलांबरोबर माझी वर्षभर जी झटापट चालते ती एवढ्याशा फटीतली. ती मुलं इंग्रजीत बोलतात, पण त्यांच्या डोक्यातही एक 'मग' बसलेला असतोच.

सकाळी ७:०५

शाळेत फोटोकॉपीच्या यंत्रापुढे रांग. आज मला १३ पट्ट्यांचे २८ संच हवेत. सात वर्षांचं युद्ध संपलं, १७६३. ब्रिटनवर कर्जाचा डोंगर. अ‍ॅपलाचियन डोंगरांपलीकडे वस्ती करू नये असा राजाचा जाहीरनामा. साखरेवरचा कायदा, १७६४. स्टॅम्प अ‍ॅक्ट, १७६५. तो रद्द, १७६६. टाउनशेंडचे कर, १७६७. बोस्टनचा गोळीबार, १७७०. चहा सोडून बाकीचे कर मागे, तेही १७७०. टी अ‍ॅक्ट, १७७३. चहा समुद्रात, १७७३. शिक्षेचे कायदे, १७७४. लेक्सिंग्टनला पहिली गोळी, १७७५.

यंत्रात कागद अडकला. विज्ञानाची शिक्षिका मागे उभी होती, ती पट्ट्या वाचून म्हणाली, "तुझं बरं आहे, उत्तरं आधीच माहीत असतात." मी हसले. आमच्या विषयाची अडचण हीच आहे. शेवट ठाऊक असला की मधलं सगळं त्या शेवटाकडेच चाललं होतं असं दिसायला लागतं.

मी स्वतः इतिहास कसा शिकले ते सांगायला हवं. 'कारणे द्या.' १८५७ चा उठाव: राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक, लष्करी आणि सगळ्यात शेवटी, अधोरेखित, तात्कालिक कारण: काडतुसं. जितके मुद्दे तितके मार्क. मला पैकीच्या पैकी मिळायचे. काडतुसांना चरबी नसती तर काय झालं असतं, हे आम्हाला कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. तरी 'तात्कालिक कारण' हा शब्द तेव्हा पदरात पडला. अकरा वर्षं परक्या देशाचा इतिहास शिकवताना तो मला पुरतो आहे.

सकाळी ८:१२

पहिला वर्ग. पाकिटं वाटली. काम एवढंच: पट्ट्या मांडा, बाणांनी जोडा आणि प्रत्येक बाणावर तो का काढला ते एका वाक्यात लिहा.

दहा मिनिटांत सगळ्या टेबलांवर आगगाड्या उभ्या राहिल्या. १७६३ चं इंजिन, १७७५ चा गार्डाचा डबा. बाण सरळ, एकामागून एक. बाणांवरची वाक्यं बघत फिरले. 'लोक चिडले.' 'लोक आणखी चिडले.' 'राजा चिडला.' एका मुलीने नुसताच लाल तोंडाचा चेहरा काढला होता.

माझ्या वर्गात नियम आहे: 'चिडले' हे कारण चालणार नाही. कोण चिडलं, कशावर आणि चिडून त्याने केलं काय, हे लिहिलं तर चालेल. बोस्टनचा व्यापारी, व्हर्जिनियाचा तंबाखूवाला मळेदार आणि गोदीत ओझी वाहणारा मजूर एकाच गोष्टीवर चिडत नाहीत.

एकाने विचारलं, "वसाहती तेरा म्हणून तुम्ही पट्ट्याही तेराच केल्या का?" नाही रे बाबा, योगायोग. त्याचा विश्वास बसला नाही. मुलांना योगायोग आवडत नाहीत, त्यांना कटकारस्थानं आवडतात.

"म्हणजे हे डॉमिनोसारखं आहे," मागच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं. हे वाक्य दरवर्षी येतं आणि मी त्याची वाटच बघत असते. कारण मग मी पुतळ्याची गोष्ट सांगते.

स्टॅम्प अ‍ॅक्ट १७६६ मध्ये रद्द झाला तेव्हा वसाहतींत आनंदीआनंद झाला. न्यूयॉर्कच्या विधानसभेने राजे तिसरे जॉर्ज यांचे आभार म्हणून त्यांचा घोड्यावर बसलेला पुतळा करवून घ्यायचं ठरवलं. शिशाचा, वर सोन्याचा मुलामा. १७७० साली तो बोलिंग ग्रीनच्या चौकात बसला. आता बघा, तुमच्या आगगाडीत हा डबा कुठे जोडणार? ज्यांना पुढे राजाविरुद्ध लढायचंय ते मध्येच राजाचा पुतळा कशाला उभारतील?

वर्ग गप्प. मग त्याच मागच्या टेबलावरची एक मुलगी सावकाश म्हणाली, "कारण त्यांना पुढे लढायचंय हे त्यांना माहीत नव्हतं."

मला त्या क्षणी तास तिथेच संपवावासा वाटला. पण अजून दहा मिनिटं होती, आणि पुतळ्याचं पुढे काय झालं हे ऐकल्याशिवाय आठवीची मुलं जागची हलत नाहीत. ९ जुलै १७७६ ला, स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखवल्यावर, जमावाने तो दोर लावून पाडला. शिसं वितळवून बंदुकीच्या गोळ्या केल्या. त्यांची मोजदादही झाली: ४२,०८८. ही संख्या त्यांच्या कायम लक्षात राहील. परीक्षेत ती विचारली जाणार नाही, हे मी सांगितलं नाही.

सकाळी ८:५८

दुसरा वर्ग. इथे दोन पट्ट्यांपाशी मी मुद्दाम थांबते: गोळीबार आणि करमाफी. पाचपैकी पाच गटांनी गोळीबाराकडून करमाफीकडे बाण काढला होता. 'पाच माणसं मेली म्हणून सरकार घाबरलं आणि कर मागे घेतले.' सुरेख वाक्य, अर्थही लागतो. शिकवायला लागले तेव्हा पहिली तीन वर्षं मीसुद्धा फळ्यावर हाच बाण काढत होते.

मी दोन्ही तारखा फळ्यावर लिहिल्या. बोस्टनच्या किंग स्ट्रीटवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या, ५ मार्च १७७०. लंडनच्या संसदेत पंतप्रधान लॉर्ड नॉर्थने चहा सोडून बाकीचे कर रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला, ५ मार्च १७७०.

"एकाच दिवशी?"

एकाच दिवशी. आणि मध्ये अटलांटिक महासागर. बातमी शिडाच्या जहाजातून जायची, तिला पाच-सहा आठवडे सहज लागायचे. नॉर्थ बोलायला उभा राहिला तेव्हा क्रिस्पस अ‍ॅटक्स या नावाचा माणूस जगात आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं, मग तो मेल्याचं कुठून कळणार? आणि बोस्टनच्या त्या बर्फाळ रात्री सैनिकांवर बर्फाचे गोळे आणि दांडकी फेकणाऱ्यांनाही आपल्यावरचे कर रद्द व्हायला निघाले आहेत याचा पत्ता नव्हता.

आमच्याकडे याला म्हण आहे, मी म्हटलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. मी फळ्यावर कावळा काढला. माझी चित्रकला सांगण्यासारखी नाही, मुलांना तो कोंबडा वाटला. तरी म्हण पोचली. पुढच्या पंधरा मिनिटांत प्रत्येक बाणाची झडती सुरू झाली: हा कोंबडा आहे का? हाही कोंबडाच? स्टॅम्प अ‍ॅक्ट का रद्द झाला, वसाहतींतल्या दंग्यांमुळे, की माल खपेना म्हणून ब्रिटिश व्यापाऱ्यांनीच संसदेला साकडं घातलं त्यामुळे? दोन्ही. किती-किती? इथे ती भांडली, आणि मी भांडू दिलं.

एका मुलाने शेवटी विचारलं, "मग कर मागे घेतले कशामुळे?" ब्रिटनच्याच मालावर ब्रिटनचाच कर, आणि त्यापायी वसाहतींत त्याच मालावर बहिष्कार, हा आतबट्ट्याचा व्यवहार होता, हे नॉर्थला आपलं आपणच कळलं होतं. मुलाचा चेहरा पडला. पाच माणसं मेल्याचं काहीच फळ मिळालं नाही, हे त्याला पटेना. फळ पुढे मिळालं, वेगळं मिळालं. पॉल रेव्हिअर या बोस्टनच्या कारागिराच्या चित्राने गोळीबार घरोघरी पोचवला. पण तो बाण लांबचा आहे आणि तास संपला होता.

सकाळी ९:४४

मोकळा तास. मोकळा म्हणजे एका पालकाचं ईमेल, दोन विद्यार्थ्यांची आयईपीची, म्हणजे विशेष शिक्षणाच्या आराखड्याची, कागदपत्रं आणि गार झालेली कॉफी.

पाठ्यपुस्तकातला एक शब्द मला फार खुपतो: ठिणगी. चहाने क्रांतीची ठिणगी पाडली. ठिणगी म्हटली की दारूचं कोठार आधीच भरून ठेवलेलं असतं, कुणीतरी काडी ओढायचाच अवकाश. इंग्लंडच्या इतिहास-शिक्षकांमध्ये उंटाची गोष्ट प्रसिद्ध आहे: आल्फॉन्स नावाचा उंट, त्याच्यावर ओझं वाढत जातं आणि शेवटच्या काडीने पाठ मोडते. ती मला जास्त आवडते, कारण उंट आधीपासून आजारी होता का, ओझं कुणी लादलं, काडी कुणी ठेवली, हे सगळं तिच्यात विचारता येतं.

पण त्याहून चांगला शब्द आपल्याकडे आहे. निमित्त. 'तापाचं निमित्त झालं आणि गेले.' हे म्हणणाऱ्याला माहीत असतं की माणूस तापाने गेला नाही, वयाने गेला, हृदयाने गेला, एकटेपणाने गेला, पण त्या दिवशी ताप आला नसता तर कदाचित आणखी एक दिवाळी बघितली असती. तापाला दोषही नाही आणि त्याची सुटकाही नाही. एवढं मोजून-मापून बोलणारा शब्द इंग्रजीत मला सापडला नाही. म्हणून मी तो वर्गाच्या भिंतीवर देवनागरीत लिहून ठेवला आहे. मुलं त्याला 'निमिटा' म्हणतात.

सकाळी १०:३०

तिसरा वर्ग. पाकिटं उघडली आणि फायर ड्रिलची घंटा झाली. न्यू जर्सीत महिन्याला एक आगीची आणि एक सुरक्षेची कवायत कायद्यानेच करावी लागते. पंधरा मिनिटं थंडीत, कोटांशिवाय, ओळीत. परत आलो तेव्हा दार-खिडकीच्या वाऱ्याने १७६५ टेबलाखाली आणि १७७४ कपाटामागे. या वर्गाचं उद्यावर गेलं.

जेवणाच्या ड्यूटीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ४२ मिनिटं, २०० मुलं, एक शिट्टी.

दुपारी १२:०२

चौथा वर्ग. हा सर्वांत अवघड, म्हणून माझा सर्वांत लाडका. सात मुलांना वाचनात मदत लागते, दोघी मुली वर्षापूर्वीच या देशात आल्यात, आणि माझ्याबरोबर विशेष शिक्षणाची शिक्षिका असते. इथे पट्ट्या थोड्याच असतात, बाणांऐवजी दोरे असतात आणि नकाशा मोठा असतो.

सुरुवातीलाच प्रश्न आला, आणि तो या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला प्रश्न आहे. "टी अ‍ॅक्टने चहा महाग झाला ना?"

नाही. स्वस्त झाला.

"मग चिडले कशाला?" (आणि लगेच, स्वतःच्या तोंडावर हात: "सॉरी, चिडले म्हणायचं नाही.")

ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या गोदामांत लाखो पौंड चहा पडून होता. कंपनी बुडायला आली होती. संसदेने तिला अमेरिकेत थेट माल विकायची मुभा दिली. मधले दलाल गेले, भाव उतरला, पण पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर तसाच ठेवला. स्वस्त चहा घ्याल तर न कळत कर भराल, हा डाव. शिवाय डच चहाची चोरटी आयात करून गब्बर झालेले बोस्टनचे व्यापारी, त्यांच्या पोटावर पाय. तत्त्व आणि पोट दोन्ही एका पेटीत. मुलांना वाटतं यातलं एकच खरं असायला हवं.

तेवढ्यात खिडकीजवळचा एक मुलगा, ज्याच्या आजोबांचं घर हैदराबादला आहे, म्हणाला, "ती कंपनी? आमच्या आजोबांची?"

तीच. मी स्वतःला तीन मिनिटं दिली. बंगालमध्ये १७६९-७० चा भीषण दुष्काळ, कंपनीची घटलेली मिळकत, लंडनमधली आर्थिक घबराट, आणि १७७३ मध्ये संसदेने कंपनीला १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं. त्याच वर्षी तिला चहाची मुभा मिळाली आणि तिच्या नाकात वेसणही घातली गेली: रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट. त्या कायद्याने कलकत्त्याचं कौन्सिल मुंबईच्या डोक्यावर बसवलं. म्हणूनच राघोबादादांनी १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी केलेला सुरतेचा तह कलकत्त्याने झिडकारला आणि १७७६ मध्ये पुण्याच्या कारभाऱ्यांशी पुरंदरला नवा केला. नकाशावर माझं एक बोट बोस्टनवर होतं आणि दुसरं पुण्यावर.

मुलं खूश झाली. मी मात्र जरा सावध झाले. ही जोडणी मला प्रिय आहे, आणि प्रिय बाणांवरच जास्त संशय घ्यावा. कंपनीची दिवाळखोरी दोन्हीकडे पोचली हे खरं. पण बोस्टनच्या चहाने पुण्यात काही घडवलं नाही, आणि राघोबादादांनी बोस्टनमध्ये. नाहीतर मीच सांगलीपासून एक आगगाडी सोडायचे.

आता नकाशाचं खरं काम. कंपनीचा तोच चहा, त्याच कायद्याखाली, चार बंदरांकडे निघाला: बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, चार्ल्सटन. चार गट, चार पाकिटं. तुमच्या बंदरात काय झालं ते वाचा आणि सांगा.

फिलाडेल्फिया: 'पॉली' जहाजाच्या कप्तानाला हजारोंच्या सभेने बजावलं, तो माल न उतरवता परत गेला. न्यूयॉर्क: जहाज वादळात सापडलं, एप्रिल १७७४ मध्ये कसंबसं पोचलं आणि तेही परत. चार्ल्सटन: कुणी कर भरेना, तेव्हा जकातवाल्यांनी चहा जप्त करून एक्स्चेंज नावाच्या इमारतीच्या तळघरात टाकला. बोस्टन: १६ डिसेंबर १७७३ ची रात्र, तीन जहाजं, ३४२ पेट्या, समुद्र.

"पण कारण तर एकच होतं," एक मुलगी म्हणाली. ती वर्षभरापूर्वी इथे आलेल्या दोघींपैकी. इंग्रजीत अडखळत, पण ठामपणे. "कारण एक. परिणाम चार. हे चुकीचं आहे."

गणितासारखं न जुळल्याचा तिला राग आला होता. मी म्हटलं, मग बोस्टनच्या पाकिटात असं काय आहे जे इतर तिघांत नाही? पाच मिनिटं कागदांची सळसळ. एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. इतर बंदरांत चहाच्या अडत्यांनी दबावाखाली काम सोडलं, बोस्टनच्यांनी सोडलं नाही. अडत्यांत दोघे गव्हर्नर थॉमस हचिन्सनचे मुलगे. 'डार्टमथ' जहाज २८ नोव्हेंबरला आलं, २० दिवसांत जकात भरली नाही तर जप्ती, म्हणजे मुदत १७ डिसेंबर. आणि जकात भरल्याशिवाय जहाजाला परत जायचा परवाना देणार नाही, असं गव्हर्नर शेवटपर्यंत म्हणत राहिला.

"तो नुसता हो म्हणाला असता तर?"

तर चहा लंडनला गेला असता.

"मग तो एवढा हट्टी का?"

मी उत्तर दिलं नाही. दोरा घेऊन फिरणारा, वाचायला सगळ्यात जास्त त्रास होणारा मुलगा १७६५ च्या पट्टीपाशी थांबला होता. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात एक ओळ होती, त्याच्या टेबलावरच्या शिक्षिकेने ती त्याच्याबरोबर हळू वाचली होती: २६ ऑगस्ट १७६५, बोस्टनच्या जमावाने हचिन्सनचं घर फोडून लुटलं. त्याने दोऱ्याचं एक टोक तिथे चिकटवलं आणि दुसरं, मधल्या पट्ट्यांवरून झोक्यासारखं ओढत, थेट १७७३ वर नेलं.

"त्याचं घर तोडलं होतं," तो म्हणाला. "असेल कदाचित, म्हणून."

वर्गात कुणीतरी म्हणालं, "पण हे सिद्ध नाही होत." नाही होत. मी दोरा काढला नाही. त्याच्यावर त्यालाच एक चिठ्ठी लावायला सांगितली: 'कदाचित.'

दुपारी २:४०

बसची ड्यूटी. नंतर वर्गात एकटी, पुढ्यात दिवसभरात जमलेल्या चिठ्ठ्या. जाताना प्रत्येकाने एका प्रश्नाचं उत्तर लिहून द्यायचं असतं: चहा समुद्रात का गेला? अर्ध्याहून जास्त जणांनी 'कर' लिहिलंय, काहींनी 'स्वातंत्र्य'. दोघांनी 'निमिटा' एवढाच शब्द, बहुधा मला खूश करायला. एकाने कोंबडा काढलाय. एक चिठ्ठी कोरी आहे. आणि एक: 'हचिन्सन नाही म्हणाला. सगळे बाकीचे तिथे आधीपासून होते.'

या चिठ्ठीला किती गुण द्यायचे? वाक्यरचना गडबडलेली, पुरावा एकच, स्पष्टीकरण नाही. आमच्या तक्त्याप्रमाणे चारपैकी दोन. मी तीन दिले.

रात्री ९:४०

जेवण, भांडी, उद्याची तयारी. उद्या तिसऱ्या वर्गाचं राहिलेलं, आणि बाकीच्यांना १७७४: चहा बुडाल्याची बातमी लंडनला जानेवारीत पोचली, आणि संसदेने भरपाई होईपर्यंत बोस्टनचं बंदर १ जूनपासून बंद केलं. सगळ्या शहराला शिक्षा. चहा फेकणारे थोडे होते, पण गोदी बंद पडली ती सगळ्यांची. इतर वसाहतींनी बोस्टनला धान्य पाठवलं, मेंढ्या पाठवल्या. हा बाण कुणाला काढता येतो ते बघायचं आहे. चाळीस सेंटीमीटरचे दोरे कापून ठेवलेत, चिठ्ठ्यांवर 'कदाचित' छापून ठेवलंय, जरा जास्तच प्रती.

फोन वाजला. तिकडे सकाळचे आठ वाजून गेलेत, आईचा दुसरा चहा. आवाजी निरोप, चार सेकंदांचा.

"मग? बुडवला का चहा?"

मी टाइप केलं: बुडवला. पण या खेपेला फक्त बोस्टनलाच.